नर्सिंग ड्यूटी आणि मनावरचा ताण: कोल्हापूर परिसरासाठी कामाची माहिती

करवीर_सिस्टर

सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालय), शेंडा पार्क, कदमवाडी, राजारामपुरी-शाहूपुरीतली खासगी हॉस्पिटलं, इचलकरंजी-गडहिंग्लजची सरकारी रुग्णालयं. एवढ्या पट्ट्यात हजारो सिस्टर आणि ब्रदर तिन्ही पाळ्यांत राबतात. ताणाचा विषय निघाला की "योगा करा, पॉझिटिव्ह राहा" याच्या पलीकडं गाडी जात नाही, म्हणून हा धागा.

दोन गोष्टी आधीच सांगते. आपबीती इथं नको, त्यासाठी वेगळा धागा आहे. कुठल्याही हॉस्पिटलचं नाव घेऊन तक्रारही नको. इथं फक्त वापरता येईल अशी माहिती लिहायची. साधा थकवा आणि आजार यांतला फरक कसा ओळखायचा, नाईटचं वेळापत्रक कसं असावं, माणसं कमी असतील तर वर काय लिहून द्यायचं, उपचार कुठं घ्यायचे आणि त्याचा नोकरीवर काय परिणाम होतो. ज्यांना ज्यातलं पक्कं माहीत आहे त्यांनी तेवढंच लिहावं.

मनोविकार_ओपीडी

पहिल्या प्रश्नापासून सुरू करतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत 'बर्नआउट'ची नोंद आहे, पण आजार म्हणून नाही. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ हाताळला न गेल्यानं तयार होणारी स्थिती, अशी ती नोंद आहे. तिची तीन अंगं आहेत. अंगात त्राण न उरणं, कामाबद्दल तुटलेपण किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. वॉर्डात दुसरं अंग सगळ्यात आधी दिसतं. पेशंटचं नाव जाऊन 'बारा नंबर' उरतो, नातेवाईक दारात दिसला की कपाळाला आठी पडते.

डिप्रेशन वेगळं. बर्नआउटमध्ये चार दिवस कामापासून लांब गेलं की माणूस थोडा तरी सावरतो. डिप्रेशन घरापर्यंत मागं येतं. आवडीचं जेवण, पोरांचं बोलणं, सणवार, कशातच मन लागत नाही आणि हे दोन आठवड्यांहून जास्त टिकतं. दोन्ही एकत्रही असू शकतात, म्हणून "बर्नआउट आहे, रजा घेतली की जाईल" हे स्वतःच ठरवून टाकू नये.

डिप्रेशन आहे का हे घरच्या घरी चाचपण्यासाठी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली वापरतात. गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारतात, प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण, एकूण २७. ५ पासून सौम्य, १० पासून मध्यम, १५ पासून मध्यम-तीव्र, २० पासून तीव्र. १० किंवा जास्त आले तर डॉक्टरांना दाखवायचं.

पण नर्सेससाठी यात एक गोम आहे. तिसरा प्रश्न झोपेचा, चौथा थकव्याचा, पाचवा भुकेचा. लागोपाठ नाईट करणाऱ्या कुणालाही या तिन्हींत मिळून ९ पर्यंत गुण नुसत्या ड्यूटीमुळं पडू शकतात. म्हणून नाईट संपून चार-पाच दिवस झाल्यावर पुन्हा भरा, आणि पहिला (रस न वाटणं), दुसरा (उदासपणा), सहावा (आपण निकामी आहोत असं वाटणं) हे प्रश्न वेगळे बघा. तिथं गुण असतील तर नाईटवर ढकलू नका. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. त्यात शून्य सोडून काहीही आलं, तर बेरीज कितीही कमी असो, त्याच दिवशी कुणाशी तरी बोलायचं.

आणि हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), बी-१२ या तीन तपासण्या आधी करून घ्या. अॅनिमिया आणि थायरॉइड हुबेहूब डिप्रेशनसारखे दिसतात. दुसऱ्यांचे रिपोर्ट रोज चिकटवणाऱ्या माणसाचा स्वतःचा सीबीसी (रक्ताची साधी तपासणी) तीन-तीन वर्षं झालेला नसतो.

गंगावेस_दूधकट्टा

डॉक्टर, सहकारी सिस्टरच्या बाबतीत शंका आली तर विचारायचं कसं? उगाच "काय झालंय तुला" म्हटलं की "काय न्हाई" असंच उत्तर येतंय.

मनोविकार_ओपीडी

दिसलेली गोष्ट सांगून सुरुवात करा. "दोन आठवडे झाले, तू डबा उघडत नाहीस", "हल्ली ओव्हर देताना तुला रडू येतं" (ओव्हर म्हणजे पाळी बदलताना पुढच्या सिस्टरला पेशंटची माहिती देणं). असं नेमकं बोललं की "काही नाही" म्हणणं अवघड जातं. बोलायची जागा ड्यूटी रूम नको, तिथं मावशी येते, फोन वाजतो. सुटल्यावर गेटपर्यंत चालत जाताना बोला. समोरासमोर बसण्यापेक्षा शेजारून चालताना माणूस जास्त मोकळा होतो.

शंका असेल तर "मरून जावं असं मनात येतं का?" हे स्पष्ट विचारा. विचारल्यानं असा विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर "हो" आलं, तर पुढं ठरवलंय का, साधन जवळ आहे का, हेही विचारा. नर्सच्या बाबतीत साधन म्हणजे औषधं, आणि ती हाताशी असतात. कोणतं, किती, कसं हे तिला माहीत असतं, म्हणूनच धोका जास्त. अशा वेळी तिला एकटं सोडू नका, घरच्या एका माणसाला कळवा, आणि औषधाच्या कपाटाची किल्ली इनचार्जनी गाजावाजा न करता दुसऱ्याकडं द्यावी.

तिसरी_पाळी

नाईटवर लिहितो. बऱ्याच ठिकाणी सकाळी ८ ते २, दुपारी २ ते ८ आणि रात्री ८ ते सकाळी ८ अशी मांडणी आहे. बारा तासांची रात्र बदलणं आपल्या हातात नसलं, तरी तिच्या आजूबाजूचं बरंच काही बदलता येतं.

झोप दोन तुकड्यांत घ्या. नाईट उतरल्यावर साडेनऊ ते अडीच, आणि ड्यूटीला जाण्याआधी पाच-साडेपाचच्या सुमाराला दीड तास. पहिला तुकडा रोज त्याच वेळी पडला पाहिजे, शरीराचं घड्याळ त्याच्यावर टिकतं. घरी जाताना काळा गॉगल लावा, कारण सकाळचं ऊन डोळ्यांत गेलं की मेंदू झोप मागं ढकलतो. खोलीत जाड पडदा किंवा डोळ्यांवर ओढणीची घडी. मोबाईल दुसऱ्या खोलीत. दाराची बेल बंद आणि दूधवाला-पेपरवाल्याला आधीच सांगून ठेवायचं.

चहा-कॉफी रात्री ८ ते २ मध्ये. कॅफिनचा निम्मा अंमल उतरायला पाच तासांच्या आसपास जातात, त्यामुळं पहाटे पाचचा कडक चहा म्हणजे साडेनऊची झोप गेलीच. डुलकी पहाटे २ ते ४ मध्ये, आळीपाळीनं, २० मिनिटांची. ३० च्या पुढं गेलात तर गाढ झोपेतून उठावं लागतं आणि मग पंधरा-वीस मिनिटं डोकं चालत नाही. डुलकी झाल्यावर लगेच इन्फ्युजनचा (शिरेतून थेंबाथेंबानं द्यायच्या औषधाचा) हिशोब करायचा नाही. आधी तोंड धुवा, वॉर्डला एक फेरी मारा, मगच.

पहाटे ३ ते ५ ही सगळ्यात घातक वेळ. शरीराचं तापमान उतरलेलं असतं, लक्ष ढिलं पडतं. या दोन तासांत पोटॅशियम क्लोराइड, इन्सुलिन आणि हेपरिन ही तीन औषधं एकटीनं भरायची नाहीत. दुसरी सिस्टर नसेल तर ऑनकॉल डॉक्टरला दाखवा. औषधातली चूक हाच पुढं महिनोन्महिने मन खाणारा विषय होतो, त्यामुळं ही काळजी पेशंटइतकीच स्वतःसाठीही आहे.

जेवण ड्यूटीआधी घरी, पोटभर. मध्यरात्री थोडी भाकरी-पिठलं, शेंगदाणे, केळं एवढंच. नाईट उतरून कटाची मिसळ हाणणं हा आपल्या गावचा धर्म आहे खरा, पण तर्री पोटात गेल्यावर आडवं झालं की ॲसिडिटी आणि तुटक झोप दोन्ही ठरलेल्या. मिसळ संध्याकाळी खा, ती कुठं पळून जात नाही.

कागल, पन्हाळा, हातकणंगले या बाजूनं दुचाकीवर ये-जा करणाऱ्यांसाठी शेवटचं. नाईट उतरल्यावर डोळे जड असतील तर निघण्याआधी हॉस्पिटलातच २० मिनिटं पडा किंवा केएमटी (शहर बस), एसटी धरा. गाडीवर गार वारा लागला म्हणून झोप जात नाही, गेल्यासारखी वाटते.

नाद_खुळा_ब्रदर

वरच्यात एक भर घाला भावा. सोमवारी सकाळी ८ ला नाईट उतरायची आणि कागदावर सोमवार 'ऑफ' दाखवायचा, ही लई ठिकाणची रीत हाय. तो ऑफ न्हवं. आठ तास तर सोमवारचेच कामात गेल्यात. ऑफ म्हंजे मंगळवारी दिवसभर सुट्टी आन् बुधवारी पाळी.

तिसरी_पाळी

अगदी बरोबर. ड्यूटी लिस्ट करणाऱ्या इनचार्जसाठी आणखी दोन गोष्टी. पाळ्यांचा क्रम सकाळ, दुपार, रात्र असा पुढं सरकणारा ठेवा. रात्रीवरून दुपार, दुपारवरून सकाळ असा उलटा क्रम शरीराला जास्त जड जातो. आणि लिस्ट निदान पंधरा दिवस आधी लावा. आठवड्याची लिस्ट रविवारी संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर टाकली की घरातलं सगळं नियोजन कोलमडतं. पाळणाघर, सासूबाईंचा दवाखाना, मुलाची परीक्षा, काहीच ठरवता येत नाही. ताणाचा मोठा वाटा कामापेक्षा या अनिश्चितीचा असतो आणि ती घालवायला एक पैसा लागत नाही.

शेवटची नाईट उतरल्यावर मात्र पाच तास झोपू नका. तीन-साडेतीन तासांवर उठा, दुपार उजेडात काढा, रात्री दहाला झोपा. नाहीतर मिळालेला ऑफ घड्याळ फिरवण्यातच जातो.

रंकाळा_तालीम

हे सगळं ठीक, पण मुळात माणसंच नाहीत त्याचं काय? साठ पेशंटला दोन सिस्टर आणि आपण गॉगलवर चर्चा करतोय.

आकडेमोड_परिसेविका

मुद्दा रास्त आहे. पण "स्टाफ कमी आहे" एवढं लिहिलेलं पत्र फायलीत जातं आणि तिथंच राहतं. आकडा द्यावा लागतो, तो असा काढायचा.

वॉर्डात एक खुर्ची चोवीस तास, सातही दिवस भरलेली हवी तर आठवड्याला १६८ तास लागतात. एका व्यक्तीचे आठवड्याला ४८ तास धरले तर १६८ भागिले ४८ म्हणजे साडेतीन माणसं. रजेसाठी ३० टक्के वर धरले की साडेचारच्या थोडं पुढं. म्हणजे वॉर्डात कायम दोन सिस्टर दिसायला हव्या असतील तर पटावर नऊ लागतात. "तुमच्याकडं सहा आहेत की" म्हणणाऱ्या प्रशासनाला हा हिशोब बहुतेक वेळा कुणी मांडून दाखवलेलाच नसतो.

भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषात शिकवणी रुग्णालयाच्या सामान्य वॉर्डाला ३ खाटांमागं १ आणि इतर रुग्णालयांत ५ खाटांमागं १ नर्स, वर ३० टक्के रजा राखीव असं प्रमाण आहे. अतिदक्षता विभागाला १:१. यात फसगत अशी होते की १:३ म्हणजे एका वेळी तीन पेशंटला एक सिस्टर असं लोक समजतात. ते प्रमाण तिन्ही पाळ्या मिळून आहे, म्हणजे एका पाळीला ९ खाटांमागं १.

३० खाटांचा वॉर्ड घेऊ. १:३ नं १०, अधिक ३० टक्के, एकूण १३. आता वर्षातले ५२ साप्ताहिक ऑफ, ३० अर्जित रजा, ८ किरकोळ रजा वजा केल्या तर एक व्यक्ती ३६५ पैकी साधारण २७५ दिवस हजर असते. १३ जणींचे मिळून रोज सरासरी ९.८ हजर. म्हणजे लागणाऱ्या १० ला हे जेमतेम पुरतं. त्यातली एक बाळंतपणाच्या २६ आठवड्यांच्या रजेवर गेली की रोजची सरासरी ९ वर येते, आणि दुसरी आजारी पडली की डबल ड्यूटी सुरू. हे वर दाखवायचं असेल तर हा एकच परिच्छेद पुरेसा आहे.

सोबत महिनाभराचा तक्ता जोडा. तारीख, पाळी, मंजूर खाटा, प्रत्यक्ष पेशंट (खाली गादीवरचे धरून), हजर सिस्टर, त्यातल्या विद्यार्थिनी किती, व्हेंटिलेटरवरचे किंवा ताजे ऑपरेशनचे किती. आणि सगळ्यात महत्त्वाचा रकाना 'राहिलेली कामं'. दर दोन तासांनी कूस बदलायची ती किती वेळा चुकली, कोणतं अँटिबायोटिक तासाहून जास्त उशिरा गेलं, कुणाचे व्हायटल्स (नाडी, बीपी, ताप वगैरे) घेता आले नाहीत. हा रकाना भरायला सगळ्या घाबरतात, आपल्याच अंगावर येईल म्हणून. पण पुढं बेडसोअरची (पडून राहिल्यानं होणाऱ्या जखमांची) चौकशी लागली तर हाच तक्ता तुमच्या बाजूनं उभा राहतो. पत्र अधिसेविकांमार्फत (मेट्रन) वैद्यकीय अधीक्षकांना, आवक क्रमांक टाकून, पोच घेऊन. तोंडी सांगितलेल्याला किंमत नाही.

रंकाळा_तालीम

पत्र दिलं, पोच घेतली. जागा भरायला दोन वर्षं. तोवर?

आकडेमोड_परिसेविका

तोवर आहे त्या माणसांत वेळ सोडवायचा. एक आठवडा प्रत्येक पाळीत नर्सिंग नसलेलं काम किती मिनिटं खातं ते टिपा. इंडेंट (सामान-औषधांची मागणी लिहिणं), रक्तपेढीच्या फेऱ्या, लॅबचे नमुने पोचवणं, बिलाची फाईल, "डॉक्टर कधी येणार" याची उत्तरं. हा आकडा हातात आला की मागणी सोपी होते. एक वॉर्डबॉय किंवा लिपिक मिळवणं एक सिस्टर मिळवण्यापेक्षा कितीतरी सोपं असतं.

दुसरं, ओव्हर. तीस पेशंटचं दीड-दीड मिनिट ओव्हर म्हणजे ४५ मिनिटं, आणि तेवढी रोज फुकट थांबायची. त्याऐवजी गंभीर असलेल्या आठ जणांचं ओव्हर खाटेपाशी, प्रत्येकी दोन मिनिटं. आता काय चाललंय, पूर्वी काय झालं, तुमचं निरीक्षण काय, पुढच्या पाळीनं काय करायचं, या क्रमानं. उरलेल्या बावीस जणांचं छापील तक्त्यावरून, अर्धं मिनिट. २७ मिनिटांत संपतं. "अजून काहीतरी सांगायचं राहिलं" ही घरी गेल्यावर छळणारी हुरहुरही लेखी तक्त्यानं कमी होते.

तिसरं, औषधाच्या राउंडला अडथळा नको. त्या पाऊण तासात फोन दुसरीनं उचलायचा, नातेवाइकांना दारावरच्या पाटीवर वेळ लिहून ठेवायची.

वस्तूंच्या भरपाईचंही लिहून ठेवते. थर्मामीटर, बीपीचं यंत्र, चादरी हरवल्या की सिस्टरच्या पगारातून कापायचं, या भीतीनं पाळी संपताना पेशंट सोडून चादरी मोजत बसतात. मोजदाद पाळीच्या सुरुवातीला, दोघींच्या सह्यांनी व्हावी. फुटकं-तुटकं त्याच दिवशी वहीत नोंदवा. महिनाअखेर शोधाशोध केली की भांडण ठरलेलं.

करवीर_सिस्टर

नातेवाइकांचा विषय निघालाच आहे तर मारहाण, शिवीगाळ यावरही कुणीतरी लिहा.

कसबा_बावडा_वकील

महाराष्ट्रात २०१० चा कायदा आहे, वैद्यकीय सेवा देणाऱ्या व्यक्ती आणि संस्थांवरील हिंसाचार रोखण्याचा. त्यात डॉक्टरांसोबत नोंदणीकृत नर्स आणि नर्सिंगचे विद्यार्थीही येतात. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड, मोडतोड केली तर नुकसानीच्या दुप्पट भरपाई.

कागदावर चांगला आहे. फसतो कुठं? तक्रार सिस्टरच्या एकटीच्या नावानं जाते, संस्था मागं राहते, आणि चार दिवसांनी "मिटवून टाका" सुरू होतं. म्हणून तक्रार संस्थेच्या जबाबदार अधिकाऱ्यानं द्यावी, सिस्टर त्यात जखमी आणि साक्षीदार. कॅमेऱ्याचं चित्रण जपून ठेवण्याचं पत्र त्याच दिवशी द्या, बहुतेक यंत्रांत जुनं चित्रण काही दिवसांत आपोआप पुसलं जातं. ओरखडा का असेना, एमएलसी (पोलिसांना कळवायची वैद्यकीय नोंद) करून घ्या. तातडीला ११२.

अंगावर कुणी येत असेल तर दोन पावलं मागं, दरवाजा आपल्या पाठीशी, हात मोकळे, आणि "एकाशीच बोलते, बाकीचे बाहेर थांबा" हे वाक्य. पाच जणांना एकदम उत्तरं देत बसू नका. इंजेक्शनचा ट्रे हातात असेल तर आधी खाली ठेवा.

वरिष्ठ किंवा सहकाऱ्याकडून लैंगिक त्रास होत असेल तर त्याला २०१३ चा कायदा वेगळा आहे. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तिथं अंतर्गत समिती सक्तीची. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत, लेखी. छोट्या नर्सिंग होममध्ये समिती नसेल, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्हा पातळीवरची स्थानिक समिती.

मनोविकार_ओपीडी

घटनेनंतर सगळ्यांना एका खोलीत बसवून "काय वाटलं ते सांगा" असं सक्तीनं करू नका. अशा एका बैठकीनं पुढचा त्रास टळत नाही, काहींचा वाढतो. त्या रात्री पाणी, चहा, घरी पोचवायला कुणीतरी, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वॉर्डात नको असेल तर बदलून देणं. तेवढं करा. बोलायचं असेल तर ऐकणारं माणूस हवं, नसेल बोलायचं तर नको. दचकणं, स्वप्नं, त्या खाटेपाशी जाणं टाळणं हे पहिले काही आठवडे साहजिक आहे. महिन्याच्या पुढं टिकलं तर मात्र दाखवा. पेशंटचा अचानक मृत्यू किंवा औषधातली चूक यांनाही हेच लागू.

लॅब_दसरा_चौक

सुई टोचण्याच्या ताणावर कुणी बोलत नाही, म्हणून थोडक्यात. साबण आणि वाहत्या पाण्यानं धुवा. पिळू नका, तोंडात घालू नका, ब्लीच लावू नका. लगेच कळवा. एचआयव्ही प्रतिबंधाची गोळी लागणार असेल तर पहिला डोस शक्यतो दोन तासांत, फार तर ७२ तासांत, आणि पुढं २८ दिवस. सीपीआरच्या एआरटी (एचआयव्ही उपचार) केंद्रात माहिती मिळते, पण रात्री दोनला टोचली तर सकाळची वाट बघू नका. कॅज्युअल्टीत पहिला डोस मागा. स्वतःची तपासणी त्याच दिवशी, मग सहा आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी.

एचआयव्ही असलेल्या पेशंटची सुई टोचली तरी लागण होण्याची शक्यता सरासरी ०.३ टक्के, म्हणजे हजारात तीन. हा आकडा माहीत नसल्यानं बायका तीन महिने नवऱ्याला सांगत नाहीत आणि रात्र-रात्र जागतात. लस न घेतलेल्यांना हिपॅटायटिस बीचा धोका याच्या कितीतरी पट आहे. तीन डोस (०, १, ६ महिने) पूर्ण करा आणि शेवटच्या डोसनंतर महिना-दोन महिन्यांनी अँटिबॉडी तपासा, १० च्या वर हवी.

शाहूपुरी_केमिस्ट

एक कटू गोष्ट लिहितो. नाईटनंतर झोप येत नाही म्हणून अल्प्राझोलाम, अंगदुखीला ट्रामाडोल, आणि वॉर्डात उरलेलं एव्हिलचं (ॲलर्जीवरचं, गुंगी आणणारं) इंजेक्शन. हे आपल्याच क्षेत्रात चालतं आणि सगळ्यांना माहीत असतं. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम काही आठवडे रोज घेतलं की सवय लागते, तीच झोप यायला डोस वाढतो. एकदम बंद केलं तर घबराट, थरथर, कधी फिटसुद्धा येते. सुरू असेल तर स्वतः तोडू नका, डॉक्टरच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवा.

उलट डिप्रेशनसाठी जी औषधं देतात (एस्सिटालोप्राम, सर्ट्रालीन वगैरे), त्यांना लोक "नशेची गोळी" म्हणून घाबरतात. त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, पहिल्या आठवड्यात मळमळ, डोकेदुखी, बेचैनी होऊ शकते. नेमक्या याच आठवड्यात बहुतेक जण सोडून देतात. बरं वाटलं म्हणून महिन्यात बंद करणं ही दुसरी चूक. डॉक्टरना तुमच्या पाळ्या सांगा. 'सकाळी एक' असं चिठ्ठीवर असेल तर नाईटवाल्यानं ती झोपून उठल्यावर घ्यायची की आधी, हे विचारून घ्या.

अंबाबाईची_लेक

ज्या हॉस्पिटलात काम करतो तिथल्याच मनोविकार ओपीडीत केसपेपर काढला तर दुपारपर्यंत सगळ्या बिल्डिंगला कळतं. बाहेर कुठं जायचं? आणि फाईलला लागलं तर?

मनोविकार_ओपीडी

सीपीआरच्या मनोविकार विभागात बाकीच्यांनी जायला हरकत नाही. तिथंच नोकरी असेल तर मिरजेचं शासकीय रुग्णालय आहे, किंवा शहरातले खासगी मनोविकारतज्ज्ञ. पहिलं पाऊल म्हणून टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. पहाटे चारलाही लागतो, आणि नाईटवाल्यांना नेमकी तीच वेळ अवघड जाते.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम २३ नुसार उपचाराची माहिती गोपनीय ठेवण्याचा तुमचा हक्क आहे. तुमच्या संमतीशिवाय डॉक्टर ती मेट्रनना किंवा एचआरला देऊ शकत नाहीत. जीव द्यायचा प्रयत्न केलेल्या माणसावर खटल्याची भीती घरच्यांना असते. कलम ११५ नुसार ती व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरलं जातं. विम्याच्या बाबतीत मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरायचं, असंही याच कायद्यात आहे. दावा नाकारला तर लेखी कारण मागा.

रजेचा दाखला मागताना डॉक्टरांशी मोकळं बोला. कामावर द्यायच्या कागदावर किती दिवस विश्रांती आणि परतल्यावर काय सवलत (उदाहरणार्थ सहा आठवडे नाईट नको) हे ठळक असावं. परतताना पहिल्याच आठवड्यात नाईट लावणं म्हणजे केलेल्या उपचारावर पाणी.

नाद_खुळा_ब्रदर

खासगीतल्या पोरापोरींसाठी. रुजू होताना मूळ प्रमाणपत्रं देऊ नका, साक्षांकित प्रती द्या. मूळ कागद अडकलं की माणूस नको ती नोकरी बी ओढत बसतोय आन् निम्मा ताण तितनंच येतोय. बाँडवर सही करायच्या आधी किती महिने, मोडला तर किती रक्कम, त्यात ट्रेनिंगचा खर्च कशाचा धरलाय, ते लिहून घ्या. पगाराचं म्हणाल तर सुप्रीम कोर्टाच्या २०१६ च्या आदेशावरनं नेमलेल्या समितीनं ५० खाटांच्या खालच्या हॉस्पिटललासुद्धा किमान २० हजार सुचवल्यात. २०० च्या वर खाटा आसतील तर सरकारी नर्सएवढा. शिफारस हाय, सक्ती न्हाई, पण बोलणी करताना आकडा तोंडात आसलेला बरा.

गंगावेस_दूधकट्टा

पावसाळा तोंडावर आलाय. २०१९ आणि २०२१ च्या पुरात आत अडकलेल्या स्टाफवर सलग ड्यूट्या पडल्या आणि बाहेरचे येऊ शकले नाहीत. त्याची तयारी कशी करायची, कुणी सांगेल?

आकडेमोड_परिसेविका

जूनच्या पहिल्या आठवड्यात वॉर्डातल्या सगळ्यांची यादी राहत्या ठिकाणानुसार करा. चिखली-आंबेवाडी, केर्लीमार्गे पन्हाळा, शिये, गगनबावडा रस्ता, शिरोळ तालुका, हे पहिले तुटणारे. त्यांच्या नावापुढं खूण. पंचगंगेची इशारा पातळी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट, धोका ४३. लिस्ट ३९ ला बदलायची, ४३ ची वाट बघायची नाही, कारण तोपर्यंत आडवाटा गेलेल्या असतात.

३९ ला खूण असलेल्यांचे दोन गट. ज्यांच्या घरात लहान मूल, आजारी माणूस किंवा सुरक्षित जागी हलवायची जनावरं आहेत त्यांना त्याच दिवशी घरी सोडा. अंगावर ड्यूटी आणि डोक्यात गोठ्यातलं पाणी, अशा सिस्टरकडून काम होत नाही. उरलेल्यांनी तीन दिवसांचे कपडे, स्वतःची रोजची औषधं, चार्जर, सॅनिटरी पॅड घेऊन आत यायचं. आतल्यांची पाळी बारा तास काम, बारा तास सुट्टी, आणि ती सुट्टी वॉर्डाच्या मजल्यावर नको. शेजारच्या मजल्यावर खोली मोकळी करून घ्या, नाहीतर "जरा एक मिनिट या" म्हणत दर तासाला उठवतात. सलग तीन दिवसांनंतर एक पूर्ण दिवस सुट्टी, मग पाणी उतरलेलं असो वा नसो. आतल्यांना दिवसातून एकदा घरी फोन करायला पंधरा मिनिटं लिस्टमध्येच लिहून टाका, मागायला लावू नका.

जादा तासांची नोंद त्याच दिवशी, सहीसकट. पाणी ओसरल्यावर बदली रजा मागायला गेलं की कुणालाच काही आठवत नाही.

नाद_खुळा_ब्रदर

पावसाळी लिस्टचा कोरा नमुना कुणाकडं आसंल तर हितंच टाका. आमच्या इनचार्ज बाईंना दाखवतो.

आकडेमोड_परिसेविका

रकाने लिहून घ्या: नाव, गाव, येण्याचा रस्ता, तो कितीला बंद होतो, घरी अवलंबून कोण, आत राहू शकते का, फोन, रोजची औषधं. एका वॉर्डाला एक पान पुरतं. एक प्रत अधिसेविकांकडं, एक ड्यूटी रूमच्या भिंतीवर. औषधांचा रकाना भिंतीवरच्या प्रतीत नको.